वास्तू तथास्तु म्हणते

विळी माळ्यावर होती. आईला वाटलं मावशींनी कुठेतरी ठेवली, मावशींना वाटलं आईनं. दोन दिवस चाकूनं भाजी चिरली गेली आणि तिसऱ्या दिवशी चाकूही सापडेना. तो मी तांदळाच्या डब्यात, तळाशी खुपसून ठेवला होता. बाळंतपणाला मी माहेरी सांगलीला होते आणि लेक बावीस दिवसांची होती.

झालं होतं एवढंच. सकाळची शेक-शेगडी उरकली होती. आई पाय लांब करून बाळाला तेल लावत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून अळिवाची खीर खात होते. समोर विळी, विळीपाशी अर्धा चिरलेला दुधी. आणि डोक्यात एक वाक्य आलं. आज सात वर्षांनी मी ते लिहू शकते: ‘हिला या विळीवर धरलं तर?’ वाक्य अर्ध्या सेकंदाचं असेल. त्याच्या मागे राग नव्हता, इच्छा नव्हती, काही नव्हतं. रस्त्यावरून जाताना कुणाच्या तरी रेडिओवरची ओळ कानावर पडावी तसं ते आलं. माझ्या हातातली वाटी खाली पडली, एवढं मात्र आठवतं.

असं वाक्य कुणाच्याही डोक्यात येतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. मला माहीत होतं ते आजीचं वाक्य. तिन्हीसांजेला तोंडातून काही अभद्र निघालं की ती म्हणायची, “शुभ बोला गं. वास्तू तथास्तु म्हणते.” म्हणजे घराला कान असतात, आणि घर कधी ‘हो’ म्हणेल याचा नेम नाही. लहानपणी मी त्या अदृश्य तथास्तुला फार घाबरायचे. आता वाटलं, बोललेलं ऐकू येतं तर मनात आलेलंही ऐकू येत असेल.

मग उपाय सुरू झाले. तो विचार आला की मनातल्या मनात शुभंकरोति म्हणायचं, अकरा वेळा. मध्ये शब्द अडखळला तर पहिल्यापासून. अकरावं आवर्तन संपताना पुन्हा तोच विचार आला तर ती अकरा रद्द. बाळाला पाजायला घेताना खोलीत आई हवीच. आंघोळ घालताना मी दाराबाहेर. रात्री पुण्याला नवऱ्याला फोन: “मी तिला काही करणार नाही ना?” तो बिचारा म्हणायचा, “नाही गं, वेडी आहेस का तू!” त्यातल्या ‘नाही’नं दहा मिनिटं बरं वाटायचं आणि ‘वेडी’नं उरलेली रात्र जायची.

शेजारच्या काकूंना वाटलं, हिला लेकराची ओढच नाही. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. लेकीची काढली, मग जरा थांबून माझीही काढली.

मराठीत या दुखण्याला एक जुना शब्द आहे, मंत्रचळ. आता मानसशास्त्राच्या मराठी लिखाणात तो ओसीडीसाठी वापरतात, म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला तेच ते विधी करत राहणं, या आजारासाठी. मूळ अर्थ, मंत्र म्हणताना चूक झाल्यामुळे लागणारं वेड. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा हसूच आलं, कारण माझं शुभंकरोति अकरा वेळा म्हणणं म्हणजे शब्दशः तेच होतं. फक्त जुन्या लोकांनी कारण आणि परिणाम उलटे लावले होते. चुकल्यामुळे चळ लागत नाही. चळ असतो म्हणून ‘चुकलं की काय’ हे संपत नाही. हल्ली टेबलावरची पेनं सरळ लावणारा कुणीही ‘मला ना जरा ओसीडी आहे’ असं म्हणतो. म्हणू दे.

पहिले डॉक्टर तिथलेच. चांगले होते, घाईत होते. मला खरं सांगायचं धाडस झालं नाही. ‘वाईट विचार येतात’ इतकंच मी म्हटलं. ते म्हणाले, “पहिलटकरणींना होतं असं. मन रमवा. विचार आला की झटकून टाकायचा.” मी झटकत राहिले. झटकणं हेच तर मी दिवसभर करत होते.

या झटकण्यावर एक गमतीदार प्रयोग झालेला आहे. 1987 साली डॅनिएल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्यानं बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आला तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिल्या. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. नंतर त्यांना अस्वलाचा विचार करायची मुभा दिली, तेव्हा आधी दाबून धरणाऱ्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. माझ्या घरात अस्वलाच्या जागी विळी होती आणि पाच मिनिटांच्या जागी तीन महिने.

पुण्याला परतल्यावर नणंदेनं एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं नाव सुचवलं. लेक चार महिन्यांची होती. मी खुर्चीत बसून पदराशी चाळा करत होते. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, आणि मग पाण्याचा ग्लास पुढे सरकवताना विचारावं तितक्या सहज म्हणाल्या, “बाळाला आपल्या हातून काही होईल, आपण काही करू, असे विचार येतात का? पुष्कळ जणींना येतात.”

‘पुष्कळ जणींना’ या शब्दांवर मी रडायला लागले, ते बराच वेळ.

त्यांनी जे सांगितलं त्याचा पुरावा मी नंतर, जरा बरी झाल्यावर, शोधून वाचला. 2008 साली कॅनडातल्या दोन संशोधक बायकांनी नव्या मातांना विचारलं होतं. बाळाला अपघातानं काही होईल, हा नको असलेला विचार झाडून सगळ्यांना आलेला होता. आणि आपण मुद्दाम इजा करू, हा विचार जवळजवळ निम्म्या जणींना. निम्म्या! म्हणजे प्रसूतिगृहाच्या त्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईच्याही डोक्यात आला असण्याची शक्यता छापा-काट्याइतकी. आम्ही दोघींनी एकमेकींना डिंकाच्या लाडवाची कृती सांगितली होती.

त्याआधी, 1978 साली, लंडनमध्ये स्टॅन्ली रॅचमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी साध्यासुध्या, कुठलाही आजार नसलेल्या माणसांना विचारलं की तुमच्या मनात नको ते विचार घुसतात का. दहातल्या आठांनी हो म्हटलं. मग त्यांनी या लोकांचे विचार आणि रुग्णांचे विचार एकत्र करून जाणकारांपुढे ठेवले: ओळखा बरं, यातला आजाऱ्याचा कुठला? ओळखणं जाणकारांनाही जड गेलं. मजकूर सारखाच होता, ढकलून देणं, ओरबाडणं, देवाबद्दल अभद्र काहीतरी. फरक होता तो विचार किती वेळा येतो, किती टोचतो आणि त्याला किती मान दिला जातो यात. हे वाचताना मला वाटलं, हे तर आपल्याला ठाऊक होतं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’. वैऱ्यालाही सुचणार नाही ते आपलंच मन आपल्या माणसांबद्दल चिंतून जातं, असं ही म्हण सरळ सांगते, आणि त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. आजीकडे ही म्हणसुद्धा होती. मी नेमकं तथास्तुचं वाक्य उचललं.

डी सिल्वा मूळचे श्रीलंकेचे. त्यांनी पाली सुत्तांमधले नकोशा विचारांवरचे उपाय आधुनिक उपचारांशी ताडून पाहिले होते. तिथे बुद्धांनी पाच उपाय सांगितले आहेत. पहिल्याची उपमा सुताराची: बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढावी, तसा दुसरा विचार घालून पहिला काढावा. मधे एक उपाय आहे, त्या विचाराकडे लक्षच न देण्याचा. आणि अगदी शेवटचा, काहीच चाललं नाही तर, दातावर दात दाबून मनानं मन चिरडायचं. मी सुरुवातच शेवटच्यापासून केली होती. माझी दाढ त्या तीन महिन्यांत खरोखर दुखायला लागली होती.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण हे वाचून कुणी चुकीचा धीर घेऊ नये. बाईंनी पहिल्या भेटीत बराच वेळ एकाच गोष्टीची खातरजमा केली: या विचारांनी मी हादरते आहे, की मला ते पटताहेत? आवाज ऐकू येतात का, बाळात काही दुष्ट शिरलंय असं वाटतं का, झोपेची गरजच संपली आहे का? बाळंतपणानंतरचा सायकोसिस हा वेगळा आणि क्वचित होणारा आजार आहे. त्यात बाईला असले विचार खरेच वाटू लागतात आणि तिथे थांबायला वेळ नसतो, तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं. माझं उलट होतं. जिला त्या विचाराची इतकी किळस वाटत होती की विळी माळ्यावर गेली, तिच्यापासून बाळाला धोका नव्हता. हे डॉक्टरांना कळत होतं. मला कळायला मात्र नुसतं सांगणं पुरणार नव्हतं.

आजीबद्दल लिहायलाच हवं. माझ्या वडिलांची आई, मिरजेची. तिचं सोवळं गावात प्रसिद्ध होतं. पहाटे बंब पेटायचा आणि ती ओलेत्यानं स्वयंपाकघरात शिरायची. वलणीवरची धाबळी काठीनं काढायची; काठी दाराला लागली की धाबळी पुन्हा पिळायला. आम्ही पोरं खेळता खेळता जवळून धावलो की ती थबकायची आणि डोळे मिटून आठवायची, पदर लागला का? लागला असावा. पुन्हा बादली. थंडीत तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायचं. रात्री ती चुलीच्या उबेला बसून आमसुलाचं तेल गरम करून त्या भेगांत भरायची, आणि आम्ही म्हणायचो, आजी किती कर्मठ आहे. म्हणताना त्यात कौतुक असायचं.

तिला मी आता मरणोत्तर आजार चिकटवणार नाही. सोवळं पाळणाऱ्या शेकडो बायका होत्या आणि त्यातल्या बहुतेक दुपारी पाय पसरून पत्ते खेळत. सोवळ्याच्या मागे जातीची जी अमानुष शिस्त होती, तिलाही मी आजाराच्या पदराआड लपवणार नाही. पण त्या बायकांच्या अंगावर ‘झालं, आता स्वच्छ’ ही खूण पडायची, आजीच्या कधी पडली नाही. तेल भरताना एकदा ती स्वतःशीच म्हणाली होती, “कळतं गं मला, पण मन मानत नाही.” कितीतरी वर्षांनी पुण्यात त्या खुर्चीत बसून मी डॉक्टरांना हेच वाक्य सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की ते माझं नव्हे. तिच्या चळाला निदान देव्हाऱ्याजवळ जागा होती. माझा माळ्यावर.

उपचाराचं नाव लांबलचक आहे, एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. सगळे ईआरपी म्हणतात. भीतीला सामोरं जायचं आणि त्यानंतर जो विधी करावासा वाटतो तो करायचा नाही, एवढंच. हे ‘एवढंच’ सुचायला मात्र 1966 उजाडलं. तोवर या दुखण्यावर फारसं काही चालत नाही असाच समज होता. मनोविश्लेषणात वर्षं जात, काहींच्या मेंदूवर शस्त्रक्रियाही होत. त्या वर्षी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्ण बायकांची हकीकत प्रसिद्ध केली. एक शिक्षिका, धुण्यापुसण्यात बुडालेली. दुसरीला देवाधर्माबद्दल अभद्र विचार यायचे. मायर यांनी काय केलं, तर वॉर्डात जागेपणीचा सगळा वेळ नर्सेस सोबत ठेवल्या. खोलीतल्या नळाचं पाणी बंद केलं. बाई धुवायला निघाली की नर्सनं तिला गोड बोलून, गप्पांत गुंतवून थोपवायचं, आणि दुसरीकडे ज्या गोष्टींची धास्ती त्यांनाच हात लावायला लावायचं. दोघी बऱ्याच सुधारल्या.

मला त्या नर्सेसचं फार वाटतं. नाव मायर यांचं झालं, पण दिवसभर त्या बाईजवळ बसून “राहू द्या हो, मग बघू” म्हणणारी कुणीतरी पगारी मुलगी होती. पुढे लंडनच्याच मॉड्स्ली या मानसोपचार रुग्णालयाच्या परिसरात रॅचमन, हॉजसन, आयझॅक मार्क्स यांनी सत्तरच्या दशकात हे नीट तपासलं, आणि लक्षात आलं की इतका पहारा लागत नाही, रुग्ण स्वतःच स्वतःला थोपवू शकतो. विधी करण्याची ओढ न पुरवता बसून राहिलं तर ती आपोआप ओसरते, बरीचशी पहिल्या तासाभरातच. आजीला तो तास कधी मिळालाच नाही. बादली कायम भरलेली असायची.

माझ्या बाईंनी भीतींची यादी करायला लावली आणि प्रत्येकीला शून्य ते शंभर गुण द्यायला सांगितले. त्याला त्या उतरंड म्हणायच्या. सगळ्यात वर लहान मडकं, विळीचं चित्र बघणं: वीस. विळी ओट्याखाली, बाळ दिवाणखान्यात: पंचेचाळीस. बाळ झोळीत शेजारी आणि मी कोथिंबीर निवडून चिरते आहे, घरात तिसरं कुणी नाही: पंच्याऐंशी. तळाशी सगळ्यात जड मडकं होतं. त्यात विळीच नव्हती, एक वाक्य होतं. ‘माझ्या हातून काही होणारच नाही याची मला शंभर टक्के खात्री कधीच मिळणार नाही.’ हे माझ्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून रोज अर्धा तास ऐकायचं. शुभंकरोति न म्हणता.

कोथिंबिरीचा दिवस मला नीट आठवतो. जुडी दहा रुपयांची होती. बाई फोनवर स्पीकरला होत्या, काहीच बोलत नव्हत्या, मधूनच विचारायच्या, “किती?” मी म्हणायचे, “नव्वद.” हात इतके थरथरत होते की देठं पानांत मिसळली. झोळीत लेक जांभया देत होती. वीस मिनिटांनी, “किती?” “ऐंशी.” मग केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी आकडा सांगायचं विसरून संध्याकाळी थालीपीठ करावं का वड्या, याचा विचार करते आहे.

त्या काळात मला वाटायचं, आकडा खाली आला म्हणजे जमलं. बाई म्हणायच्या, नाही, तो नाही आला तरी चालेल. तुम्हाला काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं, ते सांगा. नंतर वाचलं की मिशेल क्रॅस्के यांच्यासारखे आजचे संशोधक हेच म्हणतात: जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव बसतो आणि हळूहळू तो वरचढ होतो. मायर यांच्या त्या पहिल्या लेखाच्या शीर्षकातही ‘अपेक्षा’ हाच शब्द आहे, भीती नव्हे. काय होईल अशी अपेक्षा होती, आणि झाली काय, कोथिंबीर वडी.

गोळ्याही होत्या. दूध पाजत असल्यामुळे डॉक्टरांनी विचार करून सरट्रालिन निवडली. ओसीडीत ही औषधं बहुधा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात आणि गुण यायला दहा-बारा आठवडे जातात. दुसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून मी सोडणार होते, हेही सांगून टाकते.

पण सगळ्यात अवघड काम माझ्या वाट्याला नव्हतं, नवऱ्याच्या होतं. बाईंनी त्याला बोलावून सांगितलं, ती विचारेल ‘मी काही करणार नाही ना’, तेव्हा तुम्ही ‘नाही’ म्हणायचं नाही. तो चकित झाला. “मग काय म्हणू?” “माहीत नाही म्हणा.” घरी येताना रिक्षात तो म्हणाला, “हे मला जमणार नाही हं. तू रडशील.” मी रडलेच. पहिल्या रात्री त्यानं भिंतीकडे तोंड करून “माहीत नाही” म्हटलं, आणि मला वाटलं आमचं लग्न मोडलं. घरच्यांनी मायेनं दिलेला दिलासा हाही त्या विधीचाच भाग होऊन बसतो, हे आता सगळीकडे मान्य आहे. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते म्हणोत. आमच्याकडे ते रोज रात्रीचं ‘नाही गं’ होतं, झोपायच्या आधी गोळीसारखं घेतलेलं, आणि रोज थोडी मात्रा वाढत गेलेलं. महिनाभरानं मी विचारलं, तो म्हणाला, “माहीत नाही. दिवा घालवू का?” आणि मी म्हटलं, घालव.

आजार मोजायला येल-ब्राऊन नावाची प्रश्नावली असते, चाळीसपैकी गुण. मी सत्तावीसवर गेले होते, म्हणजे तीव्र. आठ महिन्यांनी अकरा. अकरावर माणूस भाजी चिरतो, बँकेत जातो, भांडतो. शून्य झालं नाही. बाई म्हणाल्या, शून्याचा आग्रह हाच तुमचा आजार.

मला पुणं मिळालं, नणंद मिळाली, पैसे होते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभर प्रौढांमागे जवळजवळ एकाला ओसीडी असल्याचं दिसलं, आणि निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वरच. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपण काही निराळे निघालो असतो असं वाटत नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत यासाठी खास क्लिनिक आहे, तिथे देशभरातून लोक जातात. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 2022 पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या वेळी तो नव्हता. असता तरी सांगलीच्या त्या खोलीतून, आई शेजारी असताना, मी लावला असता का, कोण जाणे.

आईला मी सगळं सांगितलं ते लेक तीन वर्षांची झाल्यावर. ती पोळ्या लाटत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, “तू पाळण्यात होतीस ना, तेव्हा मला विहिरीपाशी जायला भ्यायला व्हायचं. तुला घेऊन.” पोळी तव्यावर टाकली, उलटली. “कुणाला सांगणार? सासूबाई म्हणायच्या, वास्तू तथास्तु म्हणते.”

परवा दिवाळीला गेलो होतो. मी यायची असले की आई अजून विळी मिटून, पातं भिंतीकडे करून ओट्याखाली अगदी आत सरकवते. मी काही बोलत नाही. ओढून घेते, उघडते, आणि लेकीला म्हणते, “अगं ए, तो कांदा दे इकडे.”